कुठला प्रश्न कुठल्या पीडीएफला विचारायचा

प्रोजेक्टसाठी निळा एसटीएम३२ बोर्ड, म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप बसवलेला छोटा बोर्ड, आणला जातो. कुणीतरी सांगतं, डेटाशीट वाच. डेटाशीटमध्ये रजिस्टरांची (चिपचा एकेक भाग चालवणाऱ्या आतल्या खणांची) नावंच सापडत नाहीत. मग रेफरन्स मॅन्युअल उघडतं, अकराशेच्या वर पानं दिसतात आणि पीडीएफ बंद होते. त्यानंतर कुठल्या तरी व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवला जातो आणि तो चालला नाही की गाडी तिथंच रुतते. कोल्हापुरात गोकुळ शिरगाव, शिरोली, उद्यमनगर, कुठंही पॅनेल बनवणाऱ्या किंवा कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करणाऱ्या पोरांना विचारा, अडायची जागा हीच असते. हुशारी कमी पडत नाही. मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं जातं, तिथं चुकतं.

एका चिपची माहिती एका पुस्तकात नसते. ती चार-पाच पीडीएफांत वाटलेली असते आणि प्रत्येक पीडीएफ वेगळ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं देते. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा हे एकदा बसलं की अकराशे पानांतली वीस-पंचवीस पानं एका कामाला पुरतात. आणि हे सगळं फुकट आहे, थेट चिप बनवणाऱ्या कंपनीकडून.

त्या निळ्या बोर्डावरची चिपच उदाहरणाला घेऊ: एसटीएम३२एफ१०३सी८टी६. नावातला ‘सी’ म्हणजे ४८ पिना, ‘८’ म्हणजे ६४ केबी फ्लॅश, ‘टी’ म्हणजे एलक्यूएफपी पॅकेज, ‘६’ म्हणजे उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस. आत कॉर्टेक्स-एम३ गाभा (सूचना चालवणारा मुख्य भाग), वेग ७२ मेगाहर्ट्झपर्यंत, रॅम २० केबी. हे सगळं डेटाशीटमध्ये मिळतं, क्रमांक डीएस५३१९. पिन कुठली, तिला किती करंट झेपतो, पाच व्होल्ट सहन होतात का, पॅकेजची मापं काय, हे प्रश्न डेटाशीटचे. पीसीबी काढताना तीच समोर ठेवायची.

रजिस्टरचा पत्ता काय, कुठला बिट काय करतो, घड्याळ कुठून कुठं जातं, हे प्रश्न रेफरन्स मॅन्युअलचे, क्रमांक आरएम०००८. इथं एक मोठा गोंधळ होतो. सिसटिक टायमर (गाभ्यातलाच टायमर) आणि इंटरप्टचं (चालू काम थांबवून आधी करायच्या कामाचं) प्राधान्य लावायची रजिस्टरं आरएम०००८मध्ये शोधत बसलं तर हाती काही लागत नाही, कारण ती चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीची नाहीत, आर्म कंपनीनं रचलेल्या गाभ्याची आहेत. त्यासाठी प्रोग्रॅमिंग मॅन्युअल, पीएम००५६. फ्लॅश मिटवणं-लिहिणं पीएम००७५मध्ये. आणि चिपमध्येच काय बिघाड आहे ते एराटामध्ये, ईएस०३४०. त्याच्याही मुळाशी जायचं असेल तर आर्मची स्वतःची कागदपत्रं आहेत: एआरएमव्ही७-एम आर्किटेक्चरचं मॅन्युअल डीडीआय०४०३, कॉर्टेक्स-एम३चं तांत्रिक मॅन्युअल डीडीआय०३३७. रोजच्या कामाला त्यांची गरज क्वचित लागते, पीएम००५६ पुरतं.

शोधताना चिपचं नाव आणि ‘डेटाशीट’ एवढंच टाकलं की वरती डेटाशीट गोळा करणाऱ्या साइटी येतात. त्या टाळा. तिथं दहा-दहा वर्षं जुनी आवृत्ती पडलेली असते, आणि डाउनलोडच्या पाच बटणांतली चार जाहिरातीची असतात. कंपनीच्या साइटवर चिपच्या पानावर जा, तिथं ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचा भाग असतो, त्यात वर सांगितलेले सगळे कागद एका जागी मिळतात. क्रमांक माहीत असेल तर सर्चमध्ये नावापेक्षा क्रमांक टाका, तीच पीडीएफ नेमकी येते. उतरवल्यावर आधी शेवटच्या पानांवरचा बदलांचा तक्ता बघा. पत्ता किंवा बिट कधी दुरुस्त झाला ते तिथं लिहिलेलं असतं. फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक घाला, नाहीतर सहा महिन्यांनी एकाच मॅन्युअलच्या तीन फायली होतात आणि खरी कुठली ते कळत नाही. फायली मशीनवर उतरवूनच ठेवा. पंचगंगेचं पाणी चढून वीज आणि नेट गेलं तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं.

आणखी एक गोष्ट आधी बघा: बोर्डावर खरंच तीच चिप आहे का. स्वस्तातल्या निळ्या बोर्डांवर बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीची, पिनला पिन जुळणारी चिप असते. उदाहरणार्थ जीडी३२एफ१०३ जुळतो, पण त्याचं स्वतःचं युजर मॅन्युअल आहे आणि तो १०८ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. भिंगाखाली चिपवरची अक्षरं वाचा आणि त्या चिपचं मॅन्युअल घ्या. एसटीचा एराटा तिला लागू होत नाही, आणि तिचे दोष एसटीच्या एराटामध्ये सापडत नाहीत.

आता वाचायचं कसं ते एका एलईडीवर बघू. बोर्डावरचा एलईडी पीसी१३ पिनवर आहे. पीडीएफ उघडली की आधी डावीकडची बुकमार्कची पट्टी उघडा. तिच्याशिवाय आरएम०००८ वाचणं म्हणजे राजारामपुरीत गल्ली क्रमांक न विचारता घर शोधणं. प्रत्येक पेरिफेरलच्या (टायमर, सिरियल पोर्ट अशा गाभ्याबाहेरच्या भागाच्या) प्रकरणाचा क्रम ठरलेला असतो: ओळख, वैशिष्ट्यं, काम कसं चालतं, मग एकेक रजिस्टर, आणि शेवटी सगळ्या रजिस्टरांचा एकत्र तक्ता. तातडीचं काम असेल तर शेवटच्या तक्त्यावर उडी मारा, अडलं तर मागं या.

पहिलं पान मेमरी मॅपचं, प्रकरण ३. तिथं जीपीआयओसीचा (पीसी गटातल्या पिना चालवणाऱ्या भागाचा) मूळ पत्ता हेक्स ४००११००० आणि आरसीसीचा (घड्याळ वाटणाऱ्या भागाचा) हेक्स ४००२१०००. दुसरं पान आरसीसीचं. इथं सावध राहा: आरएम०००८मध्ये आरसीसीची दोन प्रकरणं आहेत, ७ आणि ८. आठवं याच घराण्यातल्या एफ१०५ आणि एफ१०७ चिपांसाठी आहे. रजिस्टरांची नावं दोन्हीकडे तीच, त्यामुळं सर्च करताना चुकीच्या प्रकरणात कधी शिरलो ते कळतही नाही. आपलं प्रकरण ७. त्यात एपीबी२ईएनआर रजिस्टर, ऑफसेट (मूळ पत्त्यात मिळवायचा आकडा) हेक्स १८. म्हणजे पूर्ण पत्ता हेक्स ४००२१०१८. त्याचा चौथा बिट, आयओपीसीईएन, १ केला की जीपीआयओसीला घड्याळ मिळतं. हे विसरलं तर पुढचं सगळं लिखाण हवेत जातं आणि एररही येत नाही. घड्याळ बंद असताना रजिस्टर वाचलं तर शून्य मिळू शकतं, हेही याच प्रकरणात टिपेत दिलेलं आहे. म्हणून डीबगरमध्ये एखाद्या पेरिफेरलची सगळी रजिस्टरं शून्य दिसली तर आधी ईएनआर बघायचं.

तिसरं पान जीपीआयओचं, प्रकरण ९. पिना ८ ते १५साठी सीआरएच रजिस्टर, ऑफसेट ०४. प्रत्येक पिनला चार बिट, दोन मोडचे (इनपुट की आउटपुट, किती वेगाचं) आणि दोन सीएनएफचे (कुठल्या प्रकारचं). तेरावी पिन म्हणजे बिट २० ते २३. रजिस्टरच्या डोक्यावर रीसेट व्हॅल्यू लिहिलेली असते, इथं ४४४४४४४४. हा आकडा शोभेचा नाही. ४ म्हणजे सीएनएफ ०१, मोड ००, अर्थात तरंगतं इनपुट. चिप सुरू होताना या आठ पिना कशा असतात ते या एका आकड्यात कळतं. आपल्याला २ मेगाहर्ट्झ पुश-पुल (पिन वर आणि खाली दोन्हीकडे ढकलणारं) आउटपुट हवं, म्हणजे मोड १०, सीएनएफ ००, म्हणजे २. रजिस्टर होतं ४४२४४४४४. शेवटी बीएसआरआर, ऑफसेट हेक्स १०: तेरावा बिट लिहिला की पिन वर जाते, एकोणतिसावा लिहिला की खाली येते.

बहुतेक जण तेरावा बिट लिहितात आणि एलईडी विझलेलाच राहतो. याचं उत्तर आरएम०००८मध्ये नाही. ते डेटाशीटमध्ये, पिनांच्या तक्त्याखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेत आहे. पीसी१३ ते पीसी१५ या पिनांना वीज आतल्या एका स्विचमधून मिळते. तो स्विच ३ मिलिअँपिअरच सोसतो, वेग २ मेगाहर्ट्झच्या वर न्यायचा नाही, लोड ३० पिकोफॅरडपर्यंत, आणि या पिनांतून करंट बाहेर काढून एलईडी पेटवायचा नाही, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. म्हणून बोर्ड बनवणाऱ्यानं एलईडी ३.३ व्होल्टला लावून दुसरं टोक पिनला दिलं. पिन खाली गेली की एलईडी पेटतो. २ मेगाहर्ट्झ मोड निवडला तोही याच टिपेमुळं. तक्त्याखालच्या टिपा न वाचता सोडू नयेत. डेटाशीटमधली सगळ्यात महाग माहिती तिथंच असते.

रजिस्टरच्या चित्रात प्रत्येक बिटाखाली ‘आरडब्ल्यू’, ‘आर’, ‘आरसी डब्ल्यू०’, ‘आरसी डब्ल्यू१’ अशी अक्षरं असतात. त्यांचा अर्थ मॅन्युअलच्या सुरुवातीलाच दिलेला असतो आणि ते पान सगळे ओलांडून जातात. ‘आरसी डब्ल्यू१’ म्हणजे १ लिहिल्यावर बिट पुसला जातो. एक्सटीआयचं (बाहेरच्या पिनांवरून येणाऱ्या इंटरप्टचं) पीआर रजिस्टर असं आहे. तिथं सवयीनं वाचा-ऑर करा-लिहा असं केलं तर त्या क्षणी उभे असलेले सगळेच १ परत लिहिले जातात आणि सगळे इंटरप्ट पुसले जातात. दोन बटणं जवळजवळ एकदम दाबली की एक हरवतं, ते यामुळं. ‘आरसी डब्ल्यू०’ उलटं: ० लिहिल्यावर पुसतो, १ लिहिल्यावर काही होत नाही. टायमरचं एसआर (स्थिती दाखवणारं रजिस्टर) असं आहे. तिथं वाचा-अँड करा-लिहा केलं तर वाचणं आणि लिहिणं याच्या मधल्या वेळात आलेला दुसरा फ्लॅग (काही घडल्याची खूण) मारला जातो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच, रजिस्टर न वाचता थेट हवा तो आकडा लिहायचा: पीआरमध्ये फक्त तो एक बिट १, एसआरमध्ये तो एक बिट ० आणि बाकी सगळे फ्लॅग १. आणि ‘रिझर्व्ह्ड’ लिहिलेले बिट रीसेटला जसे होते तसेच ठेवायचे.

आपल्याकडच्या कारखान्यांत सगळ्यात जास्त छळणारी जागा म्हणजे आरएस-४८५वर मॉडबस, दोन तारांवरून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. भट्टीच्या तापमानाचे कंट्रोलर, वीज मीटर, ड्राइव्ह, सगळे त्या दोन तारांवर. मास्टर बोर्ड विचारतो, मीटर उत्तर देत नाही, आणि मग केबल बदल, टर्मिनेशन बदल असं सुरू होतं. उत्तर बऱ्याचदा यूएसएआरटीच्या (चिपमधल्या सिरियल पोर्टच्या) एसआर रजिस्टरच्या वर्णनात असतं. तिथं दोन बिट आहेत. सातवा, टीएक्सई: डेटा रजिस्टर रिकामं झालं. सहावा, टीसी: पाठवणं पूर्ण झालं. टीएक्सई लागतो तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये गेलेला असतो, तारेवर तो अजून जायचा असतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट म्हणजे स्टार्ट, आठ बिट आणि स्टॉप मिळून दहा बिट, १.०४ मिलिसेकंद. टीएक्सई बघून ट्रान्सीव्हरची (चिप आणि तारा जोडणाऱ्या आयसीची) दिशा-पिन खाली पाडली तर तो शेवटचा बाइट कापला जातो. मॉडबस आरटीयूमध्ये शेवटचा बाइट सीआरसीचा (चूक पकडायच्या आकड्याचा) वरचा भाग असतो. सीआरसी चुकला की स्लेव्ह गप्प बसतो, स्पेसिफिकेशनप्रमाणे त्यानं तसंच करायचं असतं. दिशा टीसी बघून सोडायची. आणि रीसेट व्हॅल्यू इथंही वाचा: एसआरची ती हेक्स ००सी० आहे, म्हणजे टीसी सुरुवातीपासूनच १ असतो. एकही बाइट न पाठवता टीसीचा इंटरप्ट चालू केला तर तो लगेच उडतो.

बॉडरेटचंही तसंच. बीआरआरमध्ये (बॉडरेट ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये) १२ बिटांचा पूर्णांक आणि ४ बिटांचा अपूर्णांक असं वर्णन वाचून गोंधळ होतो, पण हिशेब केला तर ते घड्याळ भागिले बॉड एवढंच निघतं. ७२ मेगाहर्ट्झ भागिले ११५२०० म्हणजे बरोबर ६२५, हेक्स २७१. पण हा यूएसएआरटी१चा आकडा, कारण तो एपीबी२ या चिपमधल्या बसवर आहे. यूएसएआरटी२ आणि ३ एपीबी१वर, आणि एपीबी१ची मर्यादा ३६ मेगाहर्ट्झ. तिथं तोच २७१ टाकला तर ५७६०० मिळतात, नेमके निम्मे. आणि घड्याळ ७२वर न्यायचंच राहिलं असेल, चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवरच चालत असेल, तर २७१ला १२८०० बॉड होतात आणि स्क्रीनवर कचरा येतो. कचरा दिसला की ऑसिलोस्कोपवर एका बिटाची रुंदी मोजा. ११५२००ला ती ८.६८ मायक्रोसेकंद हवी. ती ७८ आली तर चूक घड्याळाची आहे, केबलची नाही. घड्याळ वाढवताना फ्लॅशचे वेट स्टेटही (वाचताना थांबायचे ठोके) आधी वाढवायचे असतात: २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य, ४८पर्यंत एक, ७२पर्यंत दोन. क्रम उलटा झाला तर चिप घड्याळ बदलण्याच्या ओळीवरच हार्डफॉल्टमध्ये (गाभा अडकवणाऱ्या गंभीर चुकीत) जाऊ शकते.

पीएम००५६मधली एक गोष्ट इथंच सांगतो. इंटरप्ट प्राधान्याचं खातं आठ बिटांचं आहे, पण एसटीनं त्यातले वरचे चारच बसवलेत, म्हणून १६ पातळ्या. थेट रजिस्टरमध्ये ५ लिहिलं तर ते खालच्या चार बिटांत पडतं आणि प्राधान्य शून्य होतं, म्हणजे सगळ्यात वरचं. ५ हवं असेल तर हेक्स ५० लिहायचं. सिसटिकचा रीलोड २४ बिटांचा आहे. ७२ मेगाहर्ट्झवर एका मिलिसेकंदाला ७१९९९, आणि एका फेरीत जास्तीत जास्त ०.२३ सेकंद. एक सेकंदाचा आकडा त्यात मावत नाही.

एराटा लोक वाचत नाहीत, आणि तीच पीडीएफ सगळ्यात छोटी आहे. पहिल्या तक्त्यात दोष आणि कुठल्या आवृत्तीच्या सिलिकॉनला तो लागू, एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात. ईएस०३४०मध्ये आयटूसीच्या (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या बसच्या) अॅनालॉग फिल्टरचा दोष आहे: तो चुकीची पातळी दाखवतो, बिझी फ्लॅग अडकून राहतो आणि मास्टर मोडमध्ये जाताच येत नाही. सेन्सर बदलून, पुलअप बदलून हे जात नाही. दोन्ही पिना ओपन-ड्रेन आउटपुट करून ठरलेल्या क्रमानं वर-खाली करायच्या आणि मग आयटूसी रीसेट करायचं, त्या पायऱ्या तिथं लिहून दिल्यात. दुसरा दोष असा की डीबगची ओळख-रजिस्टरं प्रोग्रॅममधून वाचता येत नाहीत, फक्त डीबगरनं येतात. चिप खरी आहे का ते तपासणारा कोड शून्य का दाखवतो, याचं हे कारण.

बाकीच्या घराण्यांत कागदांची वाटणी वेगळी आहे. एटीमेगा३२८पीला रेफरन्स मॅन्युअल नाहीच, सगळं डेटाशीटमध्ये, फक्त सूचनांचा संच वेगळ्या पीडीएफमध्ये. तिथं पोर्टबीसमोर ०५ आणि कंसात २५ असे दोन पत्ते दिसतात. आयएन-आउट या सूचनांना ०५, एलडीएस-एसटीएस या सूचनांना २५. अदलाबदल झाली तर भलतंच रजिस्टर लिहिलं जातं. आरपी२०४०चंही एकच मोठं डेटाशीट आहे आणि शिकायला त्याच्याइतकं नीट लिहिलेलं दुसरं मला दिसलेलं नाही. तिथं पेरिफेरलला वापरण्याआधी रीसेटमधून बाहेर काढावं लागतं, आणि बहुतेक पेरिफेरल रजिस्टरांची आणखी तीन रूपं असतात: पत्त्यात हेक्स १००० मिळवलं तर एक्सऑर, २००० मिळवलं तर सेट, ३००० मिळवलं तर क्लिअर. वाचा-बदला-लिहा ही भानगडच मिटते. रिस्क-फाइव्हचे दोन्ही खंड फुकट आहेत, पण ते फक्त गाभ्याचे. पेरिफेरल चिप बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये.

अभ्यासक्रमातल्या ८०५१साठी गाइड विकत घेण्यापेक्षा इंटेलचं जुनं एमसीएस-५१चं मॅन्युअल वाचा. ८०८५साठी एमसीएस-८०/८५ फॅमिली युजर्स मॅन्युअल. जुन्या मॅन्युअलांचे स्कॅन बिटसेव्हर्स या साइटवर मिळतात. स्कॅनमध्ये सर्च चुकतो, शून्य आणि ‘ओ’ एक होतात, म्हणून तिथं अनुक्रमणिकेवर भर द्या. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल का, हे त्यात हिशेबानं कळतं: भागिले १२, भागिले ३२, भागिले ३, बरोबर ९६००. म्हणून टायमरच्या टीएच१ रजिस्टरमध्ये २५३ (२५६ वजा ३). आणि पोर्ट ०ला बाहेरून पुलअप का लागतात, तेही तिथल्या पिनच्या आतल्या चित्रात दिसतं.

इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांचं मॅन्युअल चार खंडांचं, एकत्र पीडीएफ पाच हजार पानांच्या वर, क्रमांक ३२५४६२. ती उघडू नका, खंड वेगवेगळे घ्या. सूचना दुसऱ्या खंडात, पेजिंग (मेमरीची पानांत वाटणी) आणि इंटरप्ट तिसऱ्यात, एमएसआर (प्रोसेसरच्या मॉडेलप्रमाणे बदलणारी रजिस्टरं) चौथ्यात. दुसऱ्या खंडात ‘८३ /० आयबी’ असं दिसलं तर: ८३ हा ऑपकोड, ‘/०’ म्हणजे पुढच्या मॉडआरएम बाइटच्या मधल्या तीन बिटांत ०, ‘आयबी’ म्हणजे मागून एक बाइटचा आकडा. ८३ सी० ०५ म्हणजे ईएएक्समध्ये ५ मिळवा.

स्क्रीनवर वाचायला विंडोजवर सुमात्रापीडीएफ हलकं आहे, लिनक्सवर ओक्युलर. खूप फायलींत एकदम शोधायला पीडीएफग्रेप. पूर्ण मॅन्युअल छापून घेऊ नका. मेमरी मॅप, घड्याळाचं झाड, आपण वापरतो त्या पेरिफेरलांचे रजिस्टर तक्ते, डेटाशीटमधल्या पिना त्यांच्या टिपांसकट, आणि एराटाचा पहिला तक्ता, एवढंच पाठपोट छापून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या. कव्हरवर चिपचं पूर्ण नाव, प्रत्येक पीडीएफचा क्रमांक आणि आवृत्ती पेननं लिहून ठेवा.